शिवनेरी जागतिक वारशात गेला, मग जुन्नर तालुक्यातल्या बाकीच्या जुन्या ठिकाणांचं काय?

२०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले एकत्रितपणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यांत शिवनेरी आहे, याचा आनंद जुन्नरकरांइतकाच साऱ्या महाराष्ट्राला झाला. बातमी थोडी जुनी झाल्यावर मात्र प्रश्न सुरू झाले. आता गडाला पैसा मिळणार का? पायथ्याशी घर बांधायला बंदी येणार का? लेण्याद्री, नाणेघाट, कुकडेश्वर यांचं काय? आणि आमच्या वेशीवर पडलेल्या कोरीव दगडांना कोण विचारतं?

माझ्या मते या सगळ्यांत शेवटचा प्रश्न मोठा आहे. यादीत नाव असलेल्या जागेला निदान कायदा आहे, खातं आहे, पहारेकरी आहे. तालुक्यात जुनं जे काही शिल्लक आहे, त्यातलं बरंचसं कुठल्याच यादीत नाही. ते का जपायचं हे कळायला आधी ही ठिकाणं एकमेकांशी कशी बांधलेली आहेत ते पाहावं लागतं.

सुरुवात घाटापासून

जुन्नर तालुका पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सह्याद्रीला पाठ टेकून बसलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांत जहाजं लागत. तिथला माल पैठणकडे न्यायचा तर सह्याद्री चढावाच लागे. त्या चढाची एक मोठी वाट म्हणजे नाणेघाट. घाट चढून पठारावर आलं की पहिली मोठी पेठ जुन्नरची. बाकी सगळं या वाटेमागून आलं. व्यापारी आले, त्यांच्या आधाराने भिक्षू राहिले, लेणी खोदली गेली, वाट राखायला किल्ले झाले आणि पेठ ताब्यात ठेवायला राजे भांडले.

घाटमाथ्याशी एक लेणं आहे. वरवर पाहिलं तर साधी चौकोनी खोली, आत तिन्ही बाजूंनी दगडी ओटे. पावसाळ्यात ट्रेकर तिथे डबे उघडून बसतात. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन करून तो सुरू होतो आणि मग अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेली दानं सांगतो: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. दानं मोजून लिहिल्यामुळे त्यात आकडे आले आहेत. भारतात अंक कसे लिहीत, याचा इतका जुना पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे हीच नागनिका) आणि राजा श्री सातकर्णी, काही कुमार, एक महारठी, म्हणजे बडा सरदार. प्रतिमांच्या डोक्यावर कोरलेली ही नावं अजून वाचता येतात, पण खाली माणसं नाहीत. कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजघराण्याची ही भिंत अशी झाली आहे, हे मला कधीच सहन होत नाही.

लेणी कोणी खोदली, आणि पैसा कोणाचा?

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत: तुळजा लेणी, मानमोडीचे गट, लेण्याद्री, शिवनेरीचे कडे. एवढी दाटी देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल. दोन शब्द इथे लागतील. चैत्यगृह म्हणजे पूजेचा स्तूप असलेलं सभागृह, आणि विहार म्हणजे भिक्षूंनी राहायच्या खोल्या.

ही लेणी राजांनीच खोदवली असा एक सर्रास समज आहे. लेख वाचले की वेगळंच दिसतं. लेण्याद्रीचं मोठं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिलं. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. बांबूचं काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींची नावंही लेखांत येतात. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी माणसाने, दोन पोढ्या खोदवल्या. क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याचा लेख मानमोडीला आहे आणि त्यात तेव्हाच्या कालगणनेतलं ४६ हे वर्षही दिलं आहे.

पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. लेण्यांशी गेलात तर मूर्ती शोधण्याआधी ही टाकी पाहा. तोंड लहान आणि आत पोट मोठं, म्हणजे उन्हाने पाणी कमी उडतं. वर कातळात बोटभर रुंदीची चर कोरलेली असते, डोंगराचा पाझर तिच्यातून टाक्यात उतरतो. विहाराच्या दारांच्या चौकटीत चौकोनी खाचा दिसतील, तिथे लाकडी दारं बसवलेली होती. आत झोपायचा दगडी ओटा. चार महिन्यांच्या पावसात या खोल्यांत माणसं राहिली आहेत, हे त्या खाचा पाहिल्यावर पटतं.

पुढे काळ बदलला, पण वाट तीच राहिली. बहमनी राज्य फुटताना १४९०मध्ये मलिक अहमदने जुन्नरलाच स्वतंत्र निजामशाही उभी केली, अहमदनगर त्यानंतर वसलं. १६३०मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. १८१८मध्ये इंग्रजांनी इथले किल्ले घेतले, आणि चावंड-हडसरसारख्या गडांच्या वाटा सुरुंग लावून फोडल्या. शिवनेरी हा एकच डोंगर पाहिला तरी कड्यात बौद्ध लेणी, वर सुलतानी काळातली कमानी मशीद, शिवाई देवीचं मंदिर, गंगा-जमुना टाकी, अंबरखाना आणि शिवजन्मस्थान, हे सगळं एका चढात भेटतं. यादीत तो मराठ्यांचा लष्करी किल्ला म्हणून गेला आहे, पण त्याच्या कड्यांवर कल्याणच्या बंदरापासूनचा इतिहास आहे.

दगडावर साल नाही, मग वय कसं कळतं?

कुठलंही जुनं देऊळ दाखवलं की दोन उत्तरं तयार असतात: पांडवांनी एका रात्रीत बांधलं, किंवा हेमाडपंती आहे. पहिली श्रद्धा आहे, तिच्याशी वाद नाही. दुसरं मात्र इतिहास म्हणून सांगितलं जातं, म्हणून तपासायला हवं. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. अंबरनाथचं शिवमंदिर १०६०चं आहे, लेखासकट. हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीच्या देवळालाही आपण त्याचंच नाव देतो. पूर गावचं कुकडेश्वर किंवा खिरेश्वरचं नागेश्वर पाहताना हा शिक्का बाजूला ठेवावा आणि खांब, छत, दाराची चौकट नीट न्याहाळावी. तज्ज्ञ तेच करतात. कोरण्याची पद्धत दर शतकात थोडी बदलत जाते आणि साल माहीत असलेल्या देवळांशी ताडून पाहिलं की अंदाज बांधता येतो.

लेखांचं वयही असंच ठरतं. ब्राह्मी अक्षरांची वळणं काळानुसार बदलली. कुठलं वळण कधीचं हे नाण्यांवरून आणि काळ ठाऊक असलेल्या लेखांवरून कळतं.

जमिनीखालच्या गोष्टींना थर उपयोगी पडतात. घरात कोपऱ्यात साठलेली रद्दी आठवा: सगळ्यात खाली सगळ्यात जुना अंक. मधल्या एखाद्या अंकावर तारीख दिसली की त्याच्या वरचे नंतरचे आणि खालचे आधीचे, हे न वाचताही कळतं. वस्तीच्या मातीतही असंच असतं. एका थरात सातवाहन नाणं मिळालं तर तो थर त्या नाण्याहून जुना असू शकत नाही. कोणी मधूनच गठ्ठा उपसला तर हा सगळा हिशेब बुडतो. पुरातत्त्ववाले उकरू नका म्हणून इतकं का विनवतात, याचं कारण हेच. नाणं संग्रहात ठेवलं तरी ते कुठल्या थरात होतं ही माहिती कायमची गेलेली असते.

"मग सरळ कार्बन डेटिंग करा की!" असं हमखास म्हटलं जातं. ती पद्धत कोळसा, हाड, लाकूड, दाणे अशा एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना चालते, तीही साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंतच. बेसॉल्टमध्ये, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या कातळात, कोरलेल्या लेण्याला ती लागूच होत नाही. दगड कधी तयार झाला हे भूगर्भशास्त्र सांगेल, पण त्यावर छिन्नी कधी चालली हे नाही.

आणि शास्त्रज्ञांचंही नेहमी एकमत असतं असं नाही. याच तालुक्यातलं बोरी गाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. तिथे कुकडीच्या काठी अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. पण टोबा एकदाच फुटला नाही. राख ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, की सहा-सात लाख वर्षांहून जुन्या एखाद्या उद्रेकाची, यावर १९९०च्या दशकापासून वाद आहे. हत्यारांचं वय त्यावरच ठरतं. नदीकाठचा राखेचा एक थर इतका मोलाचा असतो.

संरक्षित स्मारक म्हणजे काय?

सरकारने कायद्याने जाहीर करून जिची जबाबदारी घेतली आहे, ती जागा संरक्षित. राष्ट्रीय महत्त्वाची ठिकाणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, १९५८च्या कायद्याखाली. देशभरात अशी साडेतीन हजारांहून अधिक आहेत. राज्याची ठिकाणं राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, १९६०च्या कायद्याखाली. युनेस्कोच्या बारा किल्ल्यांपैकी शिवनेरीसह आठ केंद्राकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याकडे. शिवनेरीला संरक्षण १९०९पासूनच आहे.

त्यामुळे युनेस्कोच्या यादीने मालकी बदलत नाही, नवा कायदा येत नाही आणि आपोआप निधीही येत नाही. सरकारने जगासमोर शब्द दिला आहे की ठिकाण आणि त्याचा परिसर नीट राखू, आणि त्याचा हिशेब वेळोवेळी द्यावा लागेल. पर्यटक वाढतील, त्यांची पाणी, पार्किंग, कचऱ्याची सोय गावालाच आधी करावी लागेल. २०१८मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला आहे. या घोषणेची खरी कसोटी आता लागेल.

घराची कौलं बदलायलाही बंदी?

लोकांच्या मनातली सगळ्यात मोठी भीती हीच आहे, आणि ती रास्तही आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने करता येतं. हा नियम १९९२च्या अधिसूचनेने आला आणि २०१०मध्ये थेट कायद्यात घातला गेला. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण १०० मीटरच्या आतही दुरुस्ती करायला मनाई नाही. गळकं छत, पडकी भिंत, खराब झालेलं शौचालय यांसाठी सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो आणि परवानगी मिळते. अडचण आहे ती कागदपत्रांची आणि वेळेची. पावसाळा तोंडावर असताना फाइल फिरत बसली तर माणूस वैतागणारच. नियम हवा, यावर मी ठाम आहे. पण ज्यांच्या दाराशी स्मारक आहे त्यांनाच त्याचा जाच होत असेल तर स्मारकाची राखण कोण करणार? अर्ज तालुक्याच्या गावी, मराठीत आणि ठरलेल्या मुदतीत निकाली निघाले तर निम्मी कटुता कमी होईल.

पूजा चालते तिथे पुरातत्त्व खात्याचं काय काम?

लेण्याद्री याचं उत्तम उदाहरण आहे. अष्टविनायकांतला गिरिजात्मज जिथे आहे ते सातवं लेणं मुळात बौद्ध विहार. मोठं सभागृह, मध्ये एकही खांब नाही, तिन्ही बाजूंना मिळून भिक्षूंच्या वीस खोल्या. पुढे मागच्या भिंतीतल्या मधल्या खोल्यांच्या जागी गणपतीची स्थापना झाली. आज तिथे तिकीट पुरातत्त्व खात्याचं आहे आणि गणपतीची पूजाही चालू आहे. संरक्षण मिळालं त्या वेळी जिथे पूजा चालू होती तिथे ती पुढेही चालू राहते, असा खात्याचा रिवाज आहे.

तरीही "हे मूळ कोणाचं?" असा वाद मधूनमधून उकरला जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही भिंतींवर दिसतात. गणपतीचं दर्शन घेऊन बाजूच्या सहाव्या लेण्यातल्या स्तूपाशी पाच मिनिटं थांबलं तर कोणाच्याच श्रद्धेला धक्का लागत नाही.

गावाने जीर्णोद्धार केला तर बिघडलं कुठे?

गावकरी वर्गणी काढून देवळाला रंग देतात, फरशी बसवतात, सिमेंटने सांधे भरतात. भाव चांगलाच असतो, पण दगडाला ते मानवत नाही. जुनं बांधकाम चुन्यात आहे. चुना ओल धरतो आणि उन्हात सोडून देतो. सिमेंट ती अडवतं. मग पाणी दगडातूनच वाट काढतं, सोबतचे क्षार पृष्ठभागाशी जमतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे सुटू लागतात. सांधा दगडापेक्षा कडक झाला की भेग सांध्यात न पडता दगडात पडते. ऑइलपेंटखाली ओल कोंडते. वाळूचा मारा करून दगड चकचकीत केला तर छिन्नीचे घावच पुसले जातात, मग वय ठरवायला आधार काय उरला?

चुन्याचं काम महाग पडतं आणि ते जाणणारे गवंडी कमी झालेत, हे खरं आहे. चुना चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरतं त्या चरात, मळावा लागतो, मुरवावा लागतो, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी घालतात. पण हे तंत्र मेलेलं नाही, रायगडावरच्या कामात ते वापरलं गेलं आहे. पैसे कमी असतील तर नुसतं छपरावरचं गवत-झुडूप काढून पाणी बाहेर जाईल एवढी सोय करावी. बहुतेक देवळांना तेवढ्याने पुष्कळ आयुष्य मिळतं.

यादीत नसलेल्या गोष्टी

आता वेशीवरच्या त्या दगडांकडे येऊ. तीन-चार चौकटींत कोरलेला उभा दगड म्हणजे वीरगळ, लढताना पडलेल्या माणसाचं स्मारक. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई आणि पडलेला वीर, कधी शेजारी गाई, म्हणजे गुरं वाचवताना गेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव असेल तर तो गधेगाळ, जमीन दान दिल्याचा आणि दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड. गावात राजा आला नसेल, पण कोणीतरी गुरं राखताना जीव दिला होता, याची नोंद दुसरीकडे कुठेही नाही.

तसंच गावालगतचं पांढरीचं टेकाड. शेकडो वर्षं वस्ती एकाच जागी राहिली की मातीच्या भिंती, राख, शेण यांचे थर साचून जमीन उंच आणि पांढुरकी होते. जुन्नरहून वाहणारी कुकडी पुढे घोड नदीला मिळते, आणि त्या घोडेच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथल्या अशाच टेकाडांत डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनं शेतकऱ्यांचं अख्खं गाव उजेडात आलं: घरं, धान्याच्या कणग्या, जमिनीखाली केलेली दफनं. आज अशी टेकाडं मातीसाठी जेसीबीने उचलली जातात. एका दुपारी सगळे थर ट्रॉलीत जातात.

काही सापडलं तर सरकार जमीन घेईल?

या भीतीपोटी पुष्कळ वस्तू परत पुरल्या जातात किंवा विकल्या जातात. कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. त्यावर कोणाचा हक्क शाबीत झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि उरलेलं जमीनमालकाला. सरकारला ते हवं असेल तर धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा द्यावा लागतो. दडवलं तर मात्र शिक्षा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती परदेशी विकणं १९७२च्या कायद्याने गुन्हा आहे.

जमिनीबद्दल सांगायचं तर एखादी जागा संरक्षित करण्याआधी केंद्राला सूचना काढून दोन महिने हरकती मागवाव्या लागतात, आणि संरक्षित झाल्यावरही खासगी मालकी राहू शकते.

वीरगळ किंवा लेख दिसला तर हलवू नका, धुऊ नका, अक्षरांत खडू भरू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरकं ऊन पडतं तेव्हा फोटो घ्या, दुपारी जी अक्षरं दिसतच नाहीत ती सावलीने उठून येतात. शेजारी मोजपट्टी ठेवा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश जोडा. आजूबाजूला चौथरा, जुनी बारव, फुटकी खापरं असतील तर त्यांचेही फोटो घ्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की दगड पहिल्यापासून इथेच आहे, की रस्ता करताना उचलून आणला. मग हे सगळं ग्रामपंचायतीला दाखवून ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि ठरावाची प्रत फोटोंसह राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा. संरक्षण मिळायला वर्षं लागतील, कदाचित मिळणारही नाही. पण पुढच्या वेळी रस्तारुंदीला जेसीबी आला, तर तिथे काय होतं आणि कुठे होतं याचा कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल.